साडेआठ सेंटीमीटर

ओवी शाळेत जात नाही हे कळलं की लोक सुहासला दोन प्रश्न विचारतात. पहिला उघडपणे, "मग दिवसभर करते तरी काय?" आणि दुसरा जरा आवाज खाली आणून, "पुढे दहावीचं कसं?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देता येते आणि ते प्रमाणपत्र पुढच्या प्रवेशांना चालतं. तरीही सुहासचे थोरले बंधू, ज्यांची सगळी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली, ते दर सणावाराला न चुकता म्हणतातच, "सतरा नंबरचा फॉर्म आत्तापासून आणून ठेव रे बाबा."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र अवघड आहे, कारण खरं सांगितलं तर लोकांना ते शिक्षण वाटत नाही. गौरी नऊला बँकेत जाते. सुहास घरीच यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवाद करतो. त्याच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ओवीची वह्या-पुस्तकं असतात. दुपारपर्यंत वाचन, थोडं गणित, इस्त्रीवाल्याचा हिशेब, दूध उतू जाऊ न देणं आणि मधूनच "बाबा, 'झडप' आणि 'व्हॉल्व्ह' एकच का?" असं काहीतरी. यातलं काय शाळा आणि काय घर हे सांगणं त्या दोघांनाही जमत नाही. जमायला हवं असं ओवीला वाटतही नाही. सुहासला मात्र वाटतं, आणि गोष्टीचं मूळ तिथेच आहे.

उन्हाळ्यात तर उलटाच प्रकार. सोसायटीतल्या मुलांना सुट्टी लागते आणि ओवीचं काम वाढतं. एप्रिलच्या सुरुवातीला फ्रिजवर एक यादी लागते, तिला घरात 'उन्हाळी कामं' म्हणतात. त्या वर्षी ओवी बारा वर्षांची होती आणि यादी अशी होती: पंखे पुसणे, आढीतल्या आंब्यांचं रोज वजन करून नोंद ठेवणे, आजीकडून सांडगे शिकणे, सायकलचं पंक्चर स्वतः काढणे, पृथ्वी मोजणे, माळा आवरणे. त्याच क्रमाने. पृथ्वी माळ्याच्या आधी आली, कारण मे महिन्यात एक ठरावीक दिवस गाठायचा होता. माळा काय, कुठेच जात नव्हता.

तो दिवस म्हणजे शून्य सावलीचा. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या प्रत्येक गावाच्या बरोबर डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो. पुण्याला पहिल्यांदा मेच्या १३-१४ तारखेच्या सुमारास, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैतला दिवस ढगांनी खाल्लेला असतो, म्हणून मेचाच धरायचा. त्या दिवशी पुण्यात उभ्या काठीची सावली काठीतच गडप होते. पण त्याच दिवशी उत्तरेकडच्या गावात मध्यान्हीलाही थोडी सावली उरते. ती मोजली की पृथ्वीचा घेर काढता येतो. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन गावांवरून तो काढला होता. ओवीने हे एका पुस्तकात वाचलं आणि तिला पहिला प्रश्न पडला तो हा, की आपलं दुसरं गाव कुठलं?

दुसरं गाव इंदूर. तिथे आत्या राहते आणि ओवीच्याच वयाचा आतेभाऊ मल्हार. मल्हार शाळेत जातो, पण सुट्टीत मोकळा असतो. शिवाय सवाई जयसिंहांनी उभारलेल्या उज्जैनच्या वेधशाळेतलं शंकुयंत्र त्याने पाहिलेलं होतं, त्यामुळे फोनवर तो लगेच ज्येष्ठ शास्त्रज्ञासारखा बोलू लागला. "आमच्याकडे तर हे काम पुरानं आहे," म्हणाला.

सुहासने कोपऱ्यावरच्या सुताराकडून दोन सारखे स्टँड करून घेतले. प्लायची फळी, तिच्यात भोक, भोकात पडद्याच्या रॉडचा तुकडा, फळीच्या वर बरोबर १०० सेंटीमीटर. सुताराने चारी बाजूंनी गुण्या लावून दाखवला. रॉड फळीला काटकोनात, केसाचाही फरक नाही. एक स्टँड इंदूरला जाणाऱ्या ओळखीच्यांबरोबर रवाना झाला.

मधल्या काळात अंतराचा घोळ झाला, आणि तो सांगण्यासारखा आहे. ओवीने पुणे-इंदूर अंतर म्हणून बसवाल्याचं धरलं, ५९० किलोमीटर. सुहासला दिसत होतं की हे चालणार नाही. तो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी आंब्यांचं वजन करता करता ओवीच म्हणाली, "रस्ता घाटातनं वळत जातो, सावली कशाला वळेल?" मग तिने नकाशावर दोरा धरला. मग तिच्या लक्षात आलं की इंदूर पुण्याच्या नाकासमोर उत्तरेला नाहीच, जरा पूर्वेला सरकलेलं आहे. आपल्याला हवंय ते फक्त उत्तर-दक्षिण अंतर. इंदुरातून आडवी रेघ मारून, पुण्यातून उभी रेघ वर नेऊन, नकाशाच्या प्रमाणाने तिने आकडा काढला: ४६५. सुहासने त्या रात्री गौरीला हे तीनदा सांगितलं. "मी एक शब्द बोललो नाही," हे चारदा.

ठरलेल्या दिवशी पुण्यात सगळं झकास झालं. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर स्टँड ठेवला होता. घड्याळात बारा वाजले तरी सूर्याचे बारा वाजले नव्हते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथला खरा मध्यान्ह उशिरा येतो. १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमाराला रॉडची सावली आक्रसत आक्रसत बुंध्यात शिरली. खालच्या मजल्यावरच्या काकू पापड उचलायला आल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि "अगंबाई" म्हणाल्या.

इंदूर पुण्याच्या पूर्वेला, त्यामुळे तिथे मध्यान्ह आठ मिनिटं आधी. मल्हार डोक्याला ओला पंचा गुंडाळून सव्वाबारापासून गच्चीवर बसला होता. दर दोन मिनिटांनी फळीवरच्या कागदावर सावलीच्या टोकाला टिंब. सगळ्यात आखूड सावली १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपासची. आता यात एक अडचण असते. सूर्य काही बिंदू नाही, चांगली अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून मीटरभर काठीच्या सावलीचं टोक जवळजवळ सेंटीमीटरभर पुसट असतं. नेमकं कुठे मोजायचं? मल्हारला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने गडद सावली संपते तिथे एक रेघ मारली, पुसट संपते तिथे दुसरी, आणि दोन्हींच्या मधलं माप घेतलं. वहीत लिहिलं: ८ आणि ९, मध्य ८.५ से.मी. वहीच्या पानाचा फोटो काढून त्याने मामाच्या मोबाइलवर पाठवला, कारण ओवीकडे मोबाइल नाही.

फोटो आला तेव्हा ओवी आमरसाला बसली होती. सुहासने फोटो पाहिला आणि मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं. काठी आणि तिची सावली यांचं जे प्रमाण, तेच पृथ्वीची त्रिज्या आणि ४६५ किलोमीटर यांचं. ४६५ भागिले ०.०८५, म्हणजे त्रिज्या ५,४७१. घेर ३४,३८९ किलोमीटर. पुस्तकातला, दोन्ही ध्रुवांवरून जाणारा घेर ४०,००८.

साडेपाच हजार किलोमीटर कमी. हे कुठे गेले, सुहासला सांगता येईना. नकाशा त्याने स्वतः पुन्हा मोजला होता. स्टँड सुताराने गुण्या लावून दिलेला. पोरगा उन्हात बसून टिंबं काढतोय, त्याची वही तर स्वच्छ होती. आणि महिनाअखेरीला घरी शिकणाऱ्या मुलांच्या कुटुंबांचा मेळावा होता. तिथे ओवी आपली पृथ्वी मांडणार होती आणि थोरल्या बंधूंनी "येतो, बघू तरी" म्हणून सांगून ठेवलं होतं.

"बाबा, किती आली?" ओवीने वाटी चाटत विचारलं.

"सात पूर्णांक तीन," सुहास म्हणाला.

बस्स, एवढंच. बसच्या अंतराचा घोळ त्याने तीन दिवस पोटात ठेवला होता, कारण तो का झाला हे त्याला ठाऊक होतं. लेकराची जी चूक आपल्याला समजते ती धीराने बघत बसायला कुठल्याही आईबापाला आवडतं. जी आपल्यालाच समजत नाही ती मात्र पहिल्यांदा झाकावीशी वाटते.

ओवीने हात धुतले, त्रैराशिक मांडलं. त्रिज्या ६,३७०. घेर ४०,०४०. ती घरभर नाचली. गौरीला बँकेत फोन केला, आजीला केला, इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. सुहासने टाळ्या वाजवल्या.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी मल्हार पुण्यात आला. बॅगेत दोन किलो लौंग सेव आणि ती वही. रात्री जेवणं झाल्यावर दोघं तक्ता रंगवायला बसले. सुहास पलीकडे आपल्या टेबलावर काहीतरी करत होता.

"हे काय लिहिलंस? सात पूर्णांक तीन?" मल्हारचा आवाज आला.

"तूच तर पाठवलंस."

"मी साडेआठ पाठवलं."

"अरे, साडेआठ कसं असेल? साडेआठने पृथ्वी किती येते बघ." खसाखसा पेन्सिलीचा आवाज. "चौतीस हजार! वेडा आहेस का? तू पाठवलं बरोबर आणि वहीत उतरवताना चुकलास."

"मी तर पक्कं साडेआठच..."

"मग पृथ्वी लहान झाली का इंदुरात?"

मल्हार काही बोलला नाही. वहीकडे बघत राहिला. त्याची टिंबं तिथे होती, दोन रेघा होत्या, ८ आणि ९ होते. पण चाळीस हजार हा आकडा पुस्तकात छापलेला होता आणि ओवी इतक्या खात्रीने बोलत होती. "होऊ शकतं," तो पुटपुटला, "ऊन फार होतं." आणि त्याने कंपासपेटीतलं खोडरबर काढलं. आधी ९ पुसला. मग ८ पुसला. मग मधल्या आकड्यावर रबर टेकवलं.

"मल्हार, थांब." सुहास उठून आला होता. "पुसू नकोस. तुझं साडेआठच आहे. सात-तीन मी सांगितलं."

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. ओवीला आधी ती गंमत वाटली असावी, कारण ती हसायच्या बेतात होती.

"तुला सात-तीन मिळालं कुठून?" तिने विचारलं.

"उलटं गणित करून. चाळीस हजारावरून मागे येत."

ओवीने त्यावर बराच वेळ विचार केला. "म्हणजे पृथ्वी आधी," ती म्हणाली, "आणि सावली नंतर." मग ती उठली, तक्त्याची गुंडाळी केली आणि झोपायला गेली. मल्हार मामाशी काय बोलावं हे न कळून पुसलेला ८ पुन्हा लिहीत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बापाशी बोलणं टाकलं होतं असं नाही. चहाला 'हो', पोळीला 'नको' इतपत चाललं होतं. गौरीला रात्रीच सगळं कळलं होतं. डब्याला झाकण लावता लावता ती म्हणाली, "आमच्याकडे दिवसाअखेर ताळा नाही जमला, तर माहितेय काय करतात? जमवून टाकत नाहीत. फरक सस्पेन्स खात्याला टाकतात. अमुक इतके रुपये, कशाचे ते सापडलेलं नाही. सापडेपर्यंत तो तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर."

"आणि सापडलाच नाही तर?" ओवी.

"तर वरचे साहेब रोज विचारतात. म्हणून सापडतो."

नवा तक्ता त्या दुपारी तयार झाला. वर मोठ्या अक्षरांत 'आमची पृथ्वी: ३४,३८९ कि.मी.' खाली लाल पेनाने 'सस्पेन्स: ५,६१९ कि.मी.' आणि त्याखाली दोघांच्या नोंदी जशाच्या तशा, मल्हारचे पुसून पुन्हा लिहिलेले आकडेसुद्धा. सुहासला ओवीने एकच काम दिलं, तक्त्याला वरून पट्टी चिकटवायचं. त्याने ती सरळ चिकटवली.

मेळावा एका कुटुंबाच्या बंगल्याच्या गच्चीवर संध्याकाळी होता. खरं सांगायचं तर ओवीच्या तक्त्यासमोर फारशी गर्दी नव्हती. गर्दी होती ती एका मुलाने केलेल्या हलत्या ज्वालामुखीपुढे, आणि ते बरोबरच होतं, कारण त्यातून फेस येत होता. थोरले काका आले, चष्मा वर करून त्यांनी तक्ता वाचला. "म्हणजे सरळ चुकलं म्हण की."

"हो," ओवी म्हणाली. "पण कुठे ते अजून सापडलेलं नाही."

"शाळेत असतीस तर बाईंनी सांगितलं असतं," काका म्हणाले आणि ज्वालामुखीकडे गेले.

कुणा मुलीचे आजोबा मात्र तक्त्यापुढेच खुर्ची ओढून बसले. भारतीय सर्वेक्षण विभागातून निवृत्त झालेले. डोंगरकपारीत तंबू ठोकून आयुष्य काढलेलं, त्यामुळे बोलायला लागले की थांबत नसत. त्यांना ५,६१९ च्या आकड्यात सगळ्यात जास्त रस होता.

"आमच्या खात्यातही असा एक फरक निघाला होता," ते म्हणाले. "दक्षिणेपासून हिमालयापर्यंत साखळीने त्रिकोण मोजत नेण्याचं काम चाललं होतं. मध्य भारतात सिरोंजजवळ कल्याणपूर आणि वर मुझफ्फरनगरजवळ कलियाना, या दोन ठिकाणांच्या अक्षांशांमधला फरक दोन रीतींनी काढला. एकदा जमिनीवरच्या त्रिकोणांवरून, एकदा ताऱ्यांवरून. दोन उत्तरांत जेमतेम पाच विकलांचं अंतर आलं. जमिनीवर म्हणाल तर दीडशे मीटर. शेकडो मैलांत दीडशे मीटर! कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण जॉर्ज एव्हरेस्टच्या १८४७ च्या पुस्तकात तो फरक फरक म्हणून छापला गेला."

"मग सापडला?" मल्हारने विचारलं.

"कलकत्त्याला प्रॅट नावाचे एक धर्मगुरू होते, गणितात पक्के. त्यांना शंका आली ती ओळंब्याची. तारे बघायचे तर आधी सरळ वर म्हणजे कुठे हे ठरवावं लागतं, ते ओळंब्याने ठरवतात. आणि शेजारी एवढा हिमालय! तो ओळंब्याला आपल्याकडे ओढणारच. प्रॅटनी हिमालयाची ओढ किती असेल याचं गणित मांडलं, तर ती पाचाच्या तिपटीएवढी निघाली. झाली का पंचाईत? आता ओढ कमी का, हा नवा फरक! त्यावरून १८५५ साली एअरींनी सुचवलं की डोंगरांच्या खाली हलक्या खडकाची मुळं खोल गेलेली असणार, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखी. पृथ्वीच्या पोटातली गोष्ट कळली ती त्या पाच विकलांमुळे."

आजोबांनी तक्त्यावरचं स्टँडचं चित्र निरखलं. "तुम्ही काठी सरळ आहे हे कशावरून ठरवलंत?"

"गुण्या लावला होता," ओवी म्हणाली. "चारी बाजूंनी."

"गुण्या काठी फळीला सरळ आहे एवढंच सांगेल. फळी कशाला सरळ होती?"

मल्हारने आपलं कपाळ बडवलं. सगळ्यांनी वळून पाहिलं इतक्या जोरात. "आमची छत!" तो ओरडला. "आई कुरडया घालायच्या आधी छत धुते ना, तर बादली ओतली की सगळं पाणी मागच्या पाइपाकडे पळतं!"

"मागे म्हणजे कुठल्या दिशेला?" आजोबा.

मल्हारने डोळे मिटून आपल्या घराभोवती मनातल्या मनात एक चक्कर मारली. "उत्तरेला."

गच्चीला पाणी वाहून जायला ढाळ ठेवतात, मीटरला सेंटीमीटरच्या आसपास. डोळ्याला तो दिसत नाही. पण फळी त्या ढाळावर ठेवली की काठीही तेवढीच उत्तरेकडे झुकते, आणि इंदुरात त्या दिवशी सावलीही उत्तरेलाच पडत होती. आजोबांनी कागदाच्या कडेला आकृती काढून दिली, पण आकडा दिला नाही. "तो मला कसा कळणार? गच्ची तुमची," म्हणाले.

सूर्य आता पुण्याच्या पुढे सरकला होता. प्रयोग पुन्हा करायचा तर वर्षभर थांबायला हवं. पण ढाळ मोजायला सूर्य कशाला हवा? हे ओवीच्या लक्षात आलं ते घरी परतताना रिक्षात, आणि तिने ते मल्हारला सांगितलं. नंतर जरासं थांबून सुहासलाही सांगितलं.

मल्हार जूनच्या पहिल्या आठवड्यात इंदूरला परतला. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून त्याने तासाभरासाठी ओळंबा मागून घेतला. स्टँड त्याच जागी, त्याच कोपऱ्याला तोंड करून ठेवला. पेन्सिलीच्या खुणा फरशीवर अजून होत्या. रॉडच्या टोकापासून ओळंबा सोडला. डुलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली. या वेळी त्याने फोटो पाठवला नाही, फोन केला आणि "ओवीला दे" म्हणाला. सुहासने मोबाइल तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसला.

"अकरा मिलिमीटर," फोनवर मल्हार ओरडत होता. "उत्तरेला! तीनदा केलं, अकराच!"

साडेआठमधून एक पूर्णांक एक वजा. ७.४. ओवीने त्रैराशिक मांडलं. त्रिज्या ६,२८४. घेर ३९,४९९. लाल पेनाने तिने तक्त्यावरचा ५,६१९ खोडला, पुसला नाही, आणि शेजारी ५०९ लिहिला.

"पाचशे किलोमीटर अजून बाकी आहेत," ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली.

"पुसट टोक," सुहास म्हणाला. "एका मिलिमीटरने साडेपाचशे किलोमीटर इकडचे तिकडे होतात. नकाशावरच्या दोऱ्यातही थोडे असतील." मग तो थांबला. "म्हणजे असं मला वाटतं. मला नक्की माहीत नाही."

ओवीने मान हलवली, पण ती भलत्याच विचारात होती. "बाबा, इंदूरची गच्ची कलती निघाली. आपल्या टाकीचा कट्टा सरळ आहे असं आपल्याला कुणी सांगितलं?"

सुहासने हातातली कढई खाली ठेवली. कट्ट्यावर सावली शून्य झाली होती, काकू "अगंबाई" म्हणाल्या होत्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण पुसट सेंटीमीटरभरात किती काय दडू शकतं!

"कुणीच नाही," तो म्हणाला.

"हार्डवेअरच्या दुकानात ओळंबा मिळतो ना?"

बाहेर भुरभुर चालू होती. सुहासने छत्री घेतली, ओवीने मोजपट्टी आणि वही घेतली. सुहासने वही पावसात भिजेल म्हणून धरायला हात पुढे केला, तर तिने ती पिशवीत घालून स्वतःच्याच खांद्याला अडकवली. "तू छत्री धर," ती म्हणाली, "आणि दुकानातनं दोरा जरा जास्त घेऊ."